त्याले जरा तपू दे!

जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की घरोघरी तापणाऱ्या वस्तूंवर बंदी येते. इस्त्री रात्री दहानंतर. गॅस सकाळी आठच्या आत बंद. टीव्हीसुद्धा आजोबांना विचारून. अशा दिवसांत माझ्या भाच्याला घरात व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणायचा आहे. म्हणजे एक लोखंडी पेटी, जिच्यात काचेच्या नळ्या चटका बसेपर्यंत तापतात आणि तापल्याशिवाय कसलंही काम करत नाहीत. "घरात तुझे वडील आहेत ना तसले," असं माझी बहीण म्हणाली. पण तिने ते कूलर चालू असताना म्हटलं, त्यामुळे ज्यांनी ऐकायला नको त्यांनी ऐकलं नाही.

भाचा बेस गिटार वाजवतो. बेसच्या सगळ्यात जाड तारेची कंपनं सेकंदाला साधारण ४१. तो सूर कानापेक्षा बरगड्यांना आधी कळतो. बँडमध्ये गाणाऱ्याकडे लोक बघतात, गिटारवाल्याकडे मुली बघतात आणि बेसवाल्याकडे ड्रमवाला बघतो, तोही चुकला तर. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये भाचा तासभर वाजवत होता. खाली उतरल्यावर त्याच्या सख्ख्या आजीने विचारलं, "तुझी पाळी कधी आहे रे?" तेव्हापासून त्याच्या डोक्यात व्हॉल्व्ह शिरला. "मामा, हल्लीच्या अँपला जीवच नाही," असं तो मला सांगतो. त्याचा जन्म झाला तेव्हा आमच्या गल्लीतला शेवटचा व्हॉल्व्हचा रेडिओ भंगारात जाऊन कित्येक वर्षं लोटली होती. माणसाला न भोगलेल्या काळाची ओढ जास्त, हे मी कवींच्या बाबतीत ऐकून होतो. बेसवाल्यांनाही ते लागू आहे.

आम्ही तो काळ भोगला आहे. सातच्या बातम्या ऐकायच्या तर रेडिओ सातच्या आधी लावावा लागे. बटण फिरवलं की आत मंद दिवा लागायचा, मग काही वेळ नुसतीच शांतता, मग दूरच्या विहिरीतून यावा तसा निवेदकाचा आवाज वर वर यायचा. या नळ्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये फिलिप्सच्या मदतीने १९६१ पासून होऊ लागल्या. त्याआधी सगळा माल परदेशी, आणि नळी गेली की दुकानदार असा चेहरा करायचा की आपण रेडिओ नव्हे, नातेवाईक घेऊन आलोय असं वाटावं. १९७६ मध्ये जळगावला आकाशवाणी केंद्र आलं, तोवर बांधावरच्या बाभळीला ट्रान्झिस्टर लटकला होता. तो लावला की लगेच बोलायचा. वाट बघण्याचा एक घरगुती कार्यक्रम तेवढा बंद पडला.

आत घडतं ते असं. नळीतली हवा काढून टाकलेली असते. एक बारीक तार तापते, तिच्या धगीने शेजारच्या धातूवरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तीन-चारशे व्होल्टच्या ओढीने समोरच्या पत्र्याकडे धावतात. मधे एक जाळी असते. ली डी फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९०६ मध्ये ती घातली. गिटारच्या तारेतून आलेला नखाएवढा विद्युतसंदेश या जाळीवर सोडला की पलीकडे त्याच चालीचा मोठा प्रवाह निघतो. इथवर ट्रान्झिस्टरही तेच करतो, कमी जागेत आणि घाम न गाळता. फरक पडतो तो झेपेल त्याच्यापेक्षा जास्त मागितल्यावर. ट्रान्झिस्टर आवाजाचा माथा विळीने कापल्यासारखा सपाट उडवतो, आणि ते कानाला बोचतं. व्हॉल्व्ह हळूहळू हार मानतो. माथा गोल होतो, मूळ सुराला त्याच्याच वरच्या सुरांची साथ लागते, आवाज जाड आणि किंचित खरखरीत होतो. इंजिनियरच्या वहीत हा दोष आहे. पण भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर काळंठिक्कर होईपर्यंत भाजणाऱ्या जिल्ह्याला करपण्यातली चव वेगळी समजावून सांगायला नको. भाच्याची आजी गॅसवर भाजलेल्या भरिताला तोंड लावत नाही आणि व्हॉल्व्हला वेडेपणा म्हणते, हे मात्र मला पटत नाही.

या दोषाच्या मागे जगभरची शहाणी माणसं लागली. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा अँपच्या स्पीकरचा कागद चक्क ब्लेडने चिरला. 'यू रिअली गॉट मी' या गाण्यातली फाटकी गिटार त्यातून आली, आणि ते गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आमच्याकडे मंडपवाल्यांच्या गोदामात हे काम उंदीर फुकट करत आले आहेत. त्यांना कोणी कलावंत म्हटलं नाही. पुढे एडी व्हॅन हॅलेनने व्हॅरिअ‍ॅक नावाचं यंत्र लावून आपल्या अँपला जाणारा १२० व्होल्टचा पुरवठा नव्वदच्या आसपास उतरवला, का तर आवाज हवा तसा मऊ आणि तपकिरी यावा. हे मला भाच्याने मोठ्या भक्तिभावाने सांगितलं. मी म्हटलं, बाबा रे, रब्बीत सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की साक्री-शिंदखेड्याच्या खेड्यांत हा तपकिरी आवाज वीज मंडळ घरपोच देत असे. दिव्याची वात व्हायची आणि भोंग्यातलं लग्नाचं गाणं दमून बसायचं. आम्ही त्याला तक्रार समजत होतो.

१९३६ हे साल आम्हाला फैजपूरसाठी माहीत. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि नंदलाल बोसांनी बांबूंतून उभं केलेलं टिळकनगर. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत आरसीए कंपनीने ६एल६ नावाची नळी बाजारात आणली. फैजपूरचा आणि तिचा काही संबंध नाही. पण माझ्यासारख्याला अशी सालं शेजारी ठेवून बघायची खोड असते. त्या काळी ध्वनिक्षेपक म्हणजे व्हॉल्व्हचाच, दुसरी जातच नव्हती. काँग्रेसच्या सभांना ते पुरवणाऱ्या कंपनीचं नाव शिकागो रेडिओ आणि गाव मुंबई. नंतर दिल्लीच्या आहुजाचे अँप्लिफायर आले. ही कंपनी १९४० ची, पण खेड्यापाड्यात तिचं नाव कंपनीचं राहिलंच नाही, ते वस्तूचं झालं. "आहुजा सांगितला का?" हा प्रश्न आचाऱ्याच्या आणि घोड्याच्या बरोबरीने विचारला जाई. त्याच अँपला यात्रेत, मिरवणुकीत बेंजो जोडलेला असे. टंकलेखन यंत्रासारखी बटणं असलेलं हे तारवाद्य १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात जन्मलेल्या ताइशोगोतोचं भावंड. त्याला पिकअप लावून, अँपचा कान पूर्ण पिळून, भोंग्यातून जो आवाज निघे, तो भाच्याच्या व्याख्येप्रमाणे बरोब्बर रॉक होता. वाजवणाऱ्याच्या डोक्याला मात्र फेटा होता.

आणि ज्याच्या नावाने पोरं आज शपथा घेतात तो लिओ फेंडर तरी कोण? हिशेबनिसाची नोकरी गेली म्हणून १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलेला माणूस. गावातल्या कार्यक्रमांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा, वाजवणाऱ्यांची यंत्रं दुरुस्त करता करता स्वतःची करू लागला. गिटार त्याला शेवटपर्यंत वाजवता आली नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर तो सहज खपला असता. कान आणि बोटं सोल्डरला बांधलेली अशी माणसं दोन्हीकडे मी पाहिली आहेत. त्याने १९५१ मध्ये बेस गिटार काढली आणि पुढच्या वर्षी खास तिच्यासाठी बेसमन नावाचा व्हॉल्व्ह अँप. मग काय झालं? तो अँप गिटारवाल्यांना आवडला आणि त्यांनी तो लांबवला. लंडनमध्ये ड्रम शिकवणाऱ्या आणि वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलच्या कारागिरांनी १९६२ च्या सुमारास त्याच बेसमनचा आराखडा समोर ठेवून, हाताशी मिळाले ते भाग घालून पहिला मार्शल बनवला. म्हणजे रॉक संगीताची एवढी थोरली गर्जना मुळात एका बेसवाल्याच्या मालाची नक्कल. हे कळल्यावर भाचा दोन दिवस गिटारवाल्या मित्राशी बोलत नव्हता.

असाच एक व्हॉल्व्हचा अँप धुळ्यात जिभाऊंकडे निघाला. जिभाऊ मंडपवाले, आता धंदा मुलाकडे. मुलगा डीजेच्या भिंती उभ्या करतो आणि जिभाऊ कानात कापूस घालून हिशेब बघतात. एरंडोल-पारोळामार्गे भाच्याला घेऊन मी गेलो. गोदामात कनातींच्या आणि राजाराणीच्या खुर्च्यांच्या मागे करड्या पत्र्याची पेटी होती, छाप पुसलेली, आत दोन ईएल-३४ आणि काही लहान नळ्या. ट्रान्सफॉर्मर असा की उचलताना कमरेने आधी परवानगी मागितली. भाच्याने लगेच पिन प्लगात घालायला घेतली, तर जिभाऊंनी त्याचा हातच धरला. वर्षानुवर्षं पडलेल्या यंत्राला असा एकदम करंट द्यायचा नसतो. कंडेन्सर सुकलेले असतात, फुटतात. आणि उलट बाजूने, धडधाकट कंडेन्सर पिन काढल्यावरही शेकडो व्होल्ट पोटात धरून बसतो, ते वेगळंच. त्यांनी एका म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने कंडेन्सर बदलले आणि शंभराचा पिवळा दिवा लावलेल्या सिरीज बोर्डावरून पेटी जोडली. दिवा भगभगला आणि मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही. भाचा बेस गळ्यात अडकवून तयार. तार छेडली, आवाज नाही. पुन्हा छेडली.

"त्याले जरा तपू दे, भो," जिभाऊ म्हणाले. "घाई नको करू."

अर्ध्या मिनिटाने नळ्यांत शेंदरी उजेड आला, मागोमाग एक लांब घूं आली, आणि मग खालचा सूर. भाच्याने एका मित्राचा रिकामा स्पीकर सोबत आणला होता तो बरा, कारण जिभाऊंचा भोंगा त्या खोल सुराला उभाच करत नव्हता. त्याला पुकारा करायची सवय. सूर जाड होता, उबदार होता, आणि खरं सांगायचं तर थोडा ढिसाळही होता. मंडपातल्या अँपचा ट्रान्सफॉर्मर माणसाच्या बोलण्यापुरता घडवलेला. बेसला पोटभर ताकद लागते. अमेरिकेत अँपेग कंपनीने १९६९ मध्ये फक्त बेससाठी एसव्हीटी काढला तो ३०० वॉटचा, १४ नळ्यांचा, स्पीकर सोडून नुसती पेटीच चाळीस किलोच्या घरात. जिभाऊंची पेटी फार तर चाळीस-पन्नास वॉट. हे मी हळूच भाच्याला सांगितलं. पण त्याचे डोळे मिटलेले होते. माझ्या मते हल्लीची डिजिटल पेटी याच आवाजाची नव्वद टक्के नक्कल करते, पाठही मोडत नाही. पण ती समोर बसून तापत नाही, आणि वीस वर्षांच्या मुलाला आपल्यासाठी कोणी तापलेलं हवं असतं.

सौदा तिथेच झाला असता. जिभाऊंनी रद्दीच्या भावाचा आकडा मनात धरला होता, चेहऱ्यावर दिसत होता. पण भाच्याला ज्ञान आवरेना. अशा जुन्या नळ्यांना परदेशात काय भाव मिळतो, नव्या आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया नि चीनमध्ये कशा होतात, हे सगळं त्याने त्यांना तपशिलात सांगितलं. जिभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला, मुलाला हाक मारून पेटी कनातीवरून उचलून ऑफिसात टेबलावर ठेवायला सांगितली.

"विकानी तर नही," ते म्हणाले. "भाड्यानं ने."

दिवसाचं भाडं ठरलं. अनामत वेगळी. लग्नाच्या तिथी सोडून, आणि सोबत माणूस जिभाऊंचा, त्याच्या जेवणाची सोय आमच्याकडे. भाच्याने पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगितली. जिभाऊंनी पंचांग काढलं, बोट फिरवलं आणि मान हलवली. त्या दिवशी मुहूर्त होता.