पायथनराव

पायथनराव ओळखणं सोपं आहे. घरी गेलात की पाणी विचारायच्या आधी प्रश्न येतो, “हातात घेणार?” तुम्ही ‘नको’ म्हणेपर्यंत कपाटातला प्लॅस्टिकचा टब बाहेर आलेला असतो, झाकण उघडलेलं असतं आणि चार फुटी, तपकिरी-पिवळं, थंडगार वेटोळं तुमच्या मांडीवर असतं. “बॉल पायथन. पश्चिम आफ्रिकेतला. बिनविषारी.” आणि मग, कुणीही विचारलेलं नसताना, “लीगल आहे बरं का!”

बाणेरपासून घोडबंदर रोडपर्यंत, जिथे लिफ्टला आरसा आणि पार्किंगला नंबर असतो तिथे पायथनराव असतातच. वय पस्तिशीच्या आतबाहेर, नोकरी आयटीत, लहानपणी वडिलांनी कात्रजच्या सर्पोद्यानात नेलेलं. सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते, हा प्रसंग ते असा सांगतात, की बाहेर चहाचा थर्मास धरून हेच उभे होते असं वाटावं. तेव्हा यांचा जन्मही झालेला नव्हता.

सापाला खायला पांढरे उंदीर लागतात, तेही गोठवलेले. ते पूर्वी फ्रीजमध्ये मटारांच्या पिशवीखाली असत. एका संकष्टीला वहिनींनी मटार समजून भलतीच पिशवी उघडली आणि दुसऱ्या दिवशी घरात स्वतंत्र छोटा फ्रीज आला. थंडी पडली की हा साप महिनोन् महिने खाणंच सोडतो. ते त्याच्या जातीला साजेसंच आहे, पण पायथनराव हवालदिल होतात, रोज वजन करतात, टबाखालच्या हीट मॅटचं तापमान अर्ध्या अंशाने वरखाली करतात. सासूबाई मात्र तेव्हापासून सापाबद्दल आदराने बोलू लागल्या. एवढा कडक उपास त्यांच्या माहेरीसुद्धा कुणी केलेला नाही.

पण पायथनरावांचं खरं तेज दिसतं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये. तळमजल्यावरच्या काकूंनी विषय काढला, “अहो, पोरंबाळं खेळतात इथे. तुमचा तो अजगर आधी बाहेर काढा.”

पायथनराव शांतपणे म्हणाले, “काकू, तुमचा मिठू केवढा झाला?”

“बारा वर्षांचा. का?”

“तो बेकायदा आहे.”

सभेत शांतता पसरली. मग पायथनरावांनी एकेक करून समजावलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्या देशातल्या प्राण्यांना जपतो. हिरवा राघू देशी, म्हणून पिंजऱ्यात ठेवता येत नाही. धामण देशी, नाग देशी, आपला अजगर देशी. शेपटालाही हात लावायचा नाही. सेक्रेटरींकडे वास्तूसाठी पाठीवर चांदण्या असलेलं कासव आहे, तेही देशीच. यांचा साप आफ्रिकेचा. त्याची नोंद केली की तो राजरोस घरात. सेक्रेटरींनी घाईघाईने पाण्याच्या टाकीचा विषय घेतला. काकूंनी त्या दिवसापासून मिठूचा पिंजरा बाल्कनीतून न्हाणीघराजवळ हलवला आहे.

पायथनराव म्हणाले ते शब्दश: खरं होतं. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक योजना काढली: ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतला परदेशी प्राणी कुणाकडे असेल, तर त्याने सहा महिन्यांत स्वत:हून जाहीर करावा; मुदतीत सांगेल त्याच्याकडे ‘कुठून आणला’ याचा कागद मागणार नाही. टाळेबंदी होती, घरी बसून करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पायथनरावांनी फॉर्म भरला. पुढे पडताळणीला वनखात्याचा माणूस आला. तो सोफ्याच्या दाराकडच्या टोकाला बसला, चहा घेतला, टबाकडे लांबूनच पाहिलं आणि विचारलं, “चावतं का?” मग फोटो काढले, तेही पायथनरावांनाच काढायला लावून. त्यानंतर मिळालेलं प्रमाणपत्र लॅमिनेट करून टबावर लावलं आहे. यांच्या लग्नाचं प्रमाणपत्र कुठे आहे ते वहिनींना सापडत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण एकटी मादी ठेवून पायथनरावांचं समाधान होत नसतं. या छंदात रंगांचं वेड असतं. पांढऱ्या चट्ट्यांचा पाइड, पिवळाजर्द बनाना, नक्षी बदललेला क्लाउन; आईबाप कोणते लावले की पिल्लं कशी निघतील याची गणितं ही मंडळी ऑफिसच्या एक्सेलमध्ये करतात. पुढे केव्हातरी यांनी फोनवरच्या एका ‘चेन्नई पार्टी’कडून बनाना नर मागवला. तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, मिठाईच्या खोक्यात, कापडी पिशवीत बांधून आला. “कागद?” असं यांनी विचारलं होतं. “येतील सर,” असं उत्तर आलं होतं.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत, नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. बातमी वाचून पायथनरावांचा पहिला प्रश्न होता, “त्यात बनाना होता का?” दुसरा प्रश्न त्यांनी मोठ्याने विचारला नाही. नुसते मिठाईचं खोकं ठेवलेल्या माळ्याकडे बघत राहिले. त्या पकडलेल्या कॉर्न स्नेकचं नाव तर साइट्सच्या कुठल्याच परिशिष्टात नाही. म्हणून ‘तो मोकळाच असतो’ असं पायथनराव नेहमी सांगत. पण बॅगेतून चोरून आणलेल्या सापाला १९६२ चा कस्टम्सचा कायदा लागतो आणि तिथे परिशिष्ट कुणी विचारत नाही, ही माहिती त्यांना त्या दिवशी नवी होती.

त्यातच कायदाही बदलला होता. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधले प्राणी मूळ कायद्याच्याच चौथ्या अनुसूचीत आले आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम निघाले. तेव्हा असा प्राणी ज्याच्याकडे होता त्याने सहा महिन्यांत परिवेश पोर्टलवर नोंद करायची होती. पिल्लं झाली, कळवा. मेला, कळवा. दुसऱ्याला दिला, कळवा. कळवायचं मुख्य वन्यजीव रक्षकांना, म्हणजे बाणेरच्या टबातली बातमी थेट नागपूरला. चुकलात तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि नेमकं तेव्हाच मादीने सहा अंडी घातली.

अंडी ३१-३२ अंशांवर साधारण दोन महिने उबवावी लागतात. ते दोन महिने पायथनरावांनी थर्माकोलच्या पेटीपुढे घालवले. पण त्यांचा चेहरा होणाऱ्या बापासारखा नव्हता, ऑडिट लागलेल्या कॅशियरसारखा होता. आईची कागदपत्रं चोख. बाप कागदावर नाहीच. पिल्लांची नोंद करायची तर बाप दाखवावा लागणार, बाप दाखवला तर तो आला कुठून ते सांगावं लागणार, आणि चेन्नई पार्टीचा नंबर आता ‘अस्तित्वात नाही’. “आईच्या नावावर चालतील का?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “वकिलाला विचारा.” ते म्हणाले, “वकिलाने आधी साप बघायला मागितला, मग फी दुप्पट केली.”

याच दिवसांत पार्किंगमध्ये धामण निघाली. चांगली सात फुटी, उंदरांच्या मागावर आलेली. वॉचमन ओरडला, “पायथनसाहेबांना बोलवा!” साहेब आले आणि कुणाच्या तरी अॅक्टिव्हावर चढून उभे राहिले. “देशी आहे! कायद्याने हात लावता येत नाही!” असं ते वरून सांगत होते. खरी गोष्ट अशी, की धामण वेगात पळते, डाफरते, चावते आणि हीट मॅटवर झोपत नाही. शेवटी शेजारच्या वस्तीतला सर्पमित्र आला, विशीतला पोरगा. वनखात्याला फोन केला, धामण पिशवीत घेतली. जाताना त्याने अॅक्टिव्हाकडे बघून विचारलं, “काका, तुमच्याकडे पण आहेत ना?” पायथनरावांनी मान हलवली. कागद आहेत हे सांगायचं ते पहिल्यांदाच विसरले.

मला स्वत:ला हा कायदा जाचक वाटत नाही. नोंद नसेल तर केकच्या पुड्यातला साप आणि टबात जन्मलेला साप यांत फरक कसा करायचा? घाना, टोगो, बेनिनमधून हे अजगर वर्षानुवर्षं हजारोंनी बाहेर गेले आहेत. आपल्याकडे कोट्यवधींच्या अफवेवर बिचारं मांडूळ विकायला निघालेले महाभाग दर महिन्याला पकडले जातातच. पायथनरावांना कुणी ‘दुतोंड्या मिळेल का’ विचारलं तर ते तिरमिरतात. एक मात्र आहे. २०२० मध्ये ज्याला सरकारने ‘कुठून आणला’ विचारलं नाही, तोच आज सर्वांना ‘लीगल, लीगल’ म्हणून सुनावतो. ही ऐट त्याची स्वत:ची कमाई नाही, सवलत आहे.

सहापैकी पाच अंडी फुटली. दोन पिल्लं पिवळीजर्द आहेत. पायथनराव आता ओळखीपाळखीत विचारत फिरताहेत. ‘विकतो’ म्हणत नाहीत, ‘अॅडॉप्शन’ म्हणतात, आणि अॅडॉप्शनची फी बरीच आहे. तुमच्यापर्यंत आले तर पिल्लू जरूर बघा, देखणं आहे. पैसे देण्याआधी मात्र परिवेशवरची नोंद मागा, ती तुमच्या नावावर होणार का ते विचारा, आणि उत्तर ‘येतील सर’ असं आलं तर चहा पिऊन घरी जा.