तापलेला तवा आणि टर्मिनेटर

चिमणीच्या बाळाचं न्हाणं, तीट, झोपवणं उरकेपर्यंत कावळा बिचारा पावसात कुडकुडत उभा. मग दार उघडायचं, आणि आमच्या आजीच्या गोष्टीतली चिमणी त्याला ऊब घ्यायला चक्क तापलेल्या तव्यावर बसवायची. कावळ्याचं बूड भाजलं की आम्ही भावंडं खुदखुदत उरलेला दूधभात संपवायचो. आमची वयं विचारायचं आजीला कधी सुचलं नाही.

तो तवा परवा आठवला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०११चा एक निकाल वाचताना. कॅलिफोर्नियाने २००५मध्ये कायदा केला होता: अठराच्या आतल्या मुलाला अति हिंसक व्हिडिओ गेम विकला तर हजार डॉलरपर्यंत दंड, शिवाय खोक्यावर दोन इंची ‘१८’चा शिक्का. सही कोणाची? गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची. पडद्यावर अख्खं पोलीस ठाणं गोळ्यांनी चाळणी करणाऱ्या टर्मिनेटरला पोराबाळांची काळजी वाटली! वाटू नये असं नाही. बाप झालेला प्रत्येक माणूस आपले जुने उद्योग विसरतोच.

गेमवाले कोर्टात गेले. सुनावणीत न्यायमूर्ती स्कॅलिया खोदून विचारू लागले, तेव्हा सहकारी न्यायमूर्ती अलिटोंनी चिमटा काढला: जेम्स मॅडिसनना व्हिडिओ गेमबद्दल काय वाटायचं, हे यांना हवंय! मॅडिसन म्हणजे अठराव्या शतकात अभिव्यक्तिस्वातंत्र्याची दुरुस्ती मांडणारे गृहस्थ. निकालात स्कॅलियांनी ग्रिम बंधूंची परीकथांची पोतडीच उघडली. हॅन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत भाजतात, सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात. मुलांना हे चालतं, तर गेमनेच काय घोडं मारलंय? सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द.

मला त्या न्यायमूर्तींमधले ब्रायर आवडतात. हे बाहत्तरीचे गृहस्थ न्यायमूर्ती एलेना केगन यांना सोबत घेऊन आपल्या दालनात चक्क तसला गेम खेळत बसले. केगन यांनीच पुढे ते हसत सांगितलं. न्यायमूर्ती पडद्यावर धडाधड माणसं मारताहेत, हे दृश्य कुठल्याही गेमपेक्षा रंजक असणार. खेळ एकच, पण केगन गेल्या स्वातंत्र्याच्या बाजूला आणि ब्रायर कायद्याच्या. तेरा वर्षांच्या पोराला नग्न चित्रांचं मासिक विकायला बंदी आणि बाईला बांधून छळण्याचा खेळ मात्र खुशाल विका, हा कुठला न्याय, असं ब्रायर यांनी विचारलं. त्याला उत्तर द्यायला मला जड जातं. तरीही माझं मत स्कॅलियांच्या पारड्यात. गोष्ट किती भयानक हे सरकारने ठरवायचं म्हटलं, तर आजीचा तवा पहिला जप्त होईल.

त्या कायद्याखाली एकाही दुकानदाराला दंड झाला नाही. अंमल सुरू होण्याआधीच त्याला स्थगिती मिळाली होती. गेमवाल्यांच्या वकिलांची फी मात्र कॅलिफोर्नियाला भरावी लागली.