मिरचीच्या डब्यातला तिसरा तास

जून उजाडला की नंदुरबारच्या बाजारात छत्र्या लटकतात आणि आमच्या शाळेत वेळापत्रक. बारा तुकड्या, अठरा शिक्षक, दिवसाचे आठ तास. मी गणिताचा, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात.

चार्टपेपरवर डावीकडे शिक्षक लिहिले, उजवीकडे तुकड्या. कोण कोणाला शिकवणार तेवढ्या रेघा ओढल्या. पहिला तास लाल, दुसरा हिरवा, अशी आठ स्केचपेनं. एका नावाला एकच रंग दोनदा टेकला, की मराठीच्या बाई एकाच वेळी आठवी अ मध्येही आणि दहावी ब मध्येही. आलेखाच्या कडा रंगवणं म्हणतात ते हेच.

हंगेरीच्या डेनेश कोनिगनं १९१६ साली सिद्ध करून ठेवलंय, की अशा दोन बाजूंच्या आलेखात एका टोकाला जास्तीत जास्त जितक्या रेघा, तितकेच रंग पुरतात. कोणालाच आठापेक्षा जास्त तास नाहीत ना? मग आठात बसणारच! पण कोनिगला धडगावची एसटी माहीत नव्हती. इतिहासाचे सर चांदसैली घाट उतरून येतात, पहिला तास त्यांना गाठता येत नाही. पीटी ऊन उतरल्यावर हवी. अमुक वेळी अमुक मोकळा नाही अशा अटी आल्या, की वेळापत्रक बसेल का एवढं ठरवणंसुद्धा संगणकशास्त्रातल्या महाकठीण प्रश्नांच्या पंगतीत जाऊन बसतं. १९७६ साली ईव्हन, इटाई आणि शमीर यांनी ते दाखवलं. मला ते दर जूनला दिसतं.

आधी ज्येष्ठतेनं तास वाटले. चित्रकलेच्या सरांपर्यंत येता येता फक्त मधली सुट्टी उरली. मग वैतागून चिठ्ठ्या केल्या. डबा मिळाला तो तिखटाचा. नंदुरबारात दुसरा कुठला मिळणार? प्रत्येक रेघेनं एक चिठ्ठी उचलायची, भांडण नसेल तर रंग पक्का, असेल तर पुन्हा उचलायची. चौथ्या फेरीला बाई शिंकल्या, पण रुसलं कोणी नाही. चिठ्ठीवर रुसणार तरी कसं?

हा पोरखेळ नाही. पानकोनेसी आणि अरविंद श्रीनिवासन यांनी १९९०च्या दशकात याच जातीच्या पद्धतीचा चोख हिशेब मांडला. फक्त त्यात रंग सुमारे १.६ पट धरलेत. म्हणजे आमची शाळा तेरा तास भरवायची!

शेवटी सात रेघा अडल्याच. चित्रकलेच्या सरांना पाचवा मोकळा, सातवी क ला तिसरा. मग सरांसाठी पाचवा मोकळा करायला सातवी क चा पाचवा तास तिसऱ्यावर ढकलला. तो ज्या बाईंचा, त्यांचा आधीचा तिसरा पाचव्यावर. तो ज्या तुकडीवर, तिचा पाचवा पुन्हा तिसऱ्यावर... साखळी शाळाभर फिरते, पण चित्रकलेच्या सरांकडे कधीच परत येत नाही. तिला शिक्षकाच्या दारी पाचव्याच तासाला जाता येतं, आणि सरांना पाचवा आहेच कुठे! अशा सात साखळ्या ओढल्या. दारातून शिपाईमामा म्हणाले, "सर, घर जावानं नही का?"

सोमवारी घंटा झाली, तर इतिहासाचे सर फाटकात हजर. एसटीची वेळ बदलली म्हणे. आता त्यांना पहिला तास हवाय.