एडिसनचं स्थळ

अहो, ऐकलंत का? माईंच्या धाकटीला फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली! तीच हो, डाळिंबाच्या तेल्या रोगावर पीएच.डी. करतेय ती. आता नऊ महिने अमेरिकेतल्या लॅबमध्ये. तिथल्या प्रोफेसरचं निमंत्रणपत्र यावं म्हणून काय मरमर चालली होती... आलं एकदाचं, तेही रात्री दोनला, सगळं घर उठवलंन पोरीनं!

तर काय सांगत होते, तिला आलेलं ते अमेरिकेतल्या एडिसनचं स्थळ. मुलगा तिकडे एच-वन व्हिसावर. रविवारी त्याचे आईवडील आले होते. बातमी ऐकून बाई इतक्या खूश, म्हणाल्या, "बरंच झालं, येतेच आहे तर तिथेच लग्न उरकू. परत कशाला यायचं?" धाकटी शांतपणे म्हणते, "काकू, ही शिष्यवृत्ती घेतली की नंतर दोन वर्षं भारतात राहावंच लागतं. तोवर एच-वन नाही, ग्रीन कार्ड नाही. तुमच्या मुलाच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणूनही नाही." अहो, पेढा हातातच राहिला हो बाईंच्या!

"पैसे परत केले तर?" म्हणे. तरी सुटका नाही.

"मग आधी लग्न, ग्रीन कार्ड, आणि अर्ज नंतर?" आता काय बोलावं... ग्रीन कार्डवाल्यांना इथून अर्जच करता येत नाही!

मग त्यांचे मिस्टर घसरले. "शेवटी काय, अमेरिकेचेच उपकार." झालं! माईंचे यजमान एरवी पेपरातून डोकं वर काढत नाहीत, पण घडी घालून ठेवलान बाजूला. "उपकार कसले? 2008 पासून आपलं सरकारही त्यात पैसे घालतं. फुलब्राइट-नेहरू म्हणतात ते उगाच नाही." माई आत पोह्यांवर खोबरं पेरत होत्या, पण कान सगळे बाहेर. त्यांनीच सांगितलं मला, मी काही विचारायला गेले नव्हते हं.

मंडळी "कळवतो" म्हणून गेली. मला वाटलं, मोडलं.

पण मुलगा निराळाच निघाला! काल त्याचा धाकटीला फोन. काय विचारलंन माहितेय? "ती दोन वर्षं सलग राहावी लागतात, की तुकड्यातुकड्यानं चालतात?" चालतात म्हणे, बेरीज भरली की झालं. आता तो तिकडे बसून तारखा मांडतोय, आणि आईला अजून पत्ताच नाही!