प्रमाणात नाही!

नारायण पेठेत निवृत्त माणसाला एखाद्या विषयावर ठाम मत असावंच लागतं. कुणाचं पेशवाईवर असतं, कुणाचं कोथिंबिरीच्या भावावर. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं प्रकाशावर आहे. रुबिडियमची वाफ भरलेल्या काचेच्या नळीतून लेझर सोडायचा आणि अणू त्यातलं काय गिळतात ते बघायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लेझर प्रयोगशाळेतच राहिला, सवयी मात्र घरी आल्या.

दारावर पाटी : 'बेल एकदाच दाबावी. दोनदा दाबल्याने दार दुप्पट वेगाने उघडत नाही.' आत गेल्यावर टेबलाला टेकायचं नाही. टेकलात की काका ओरडणार, "अरे, अलाइनमेंट जाईल!" टेबलावर असतो अडकित्ता, चष्म्याचं घर आणि रक्तदाबाच्या गोळ्या. प्रयोगशाळेतलं टेबल म्हणे हवेच्या गादीवर तरंगतं, बाहेरचा ट्रक आतल्या आरशांना कळत नाही. इथे चारी पायांखाली रबराचे तुकडे आहेत, तरी केळकर रस्त्यावरून बस गेली की काकांना ती चहाच्या पृष्ठभागावर दिसते.

"प्रमाणात नाही!" हा त्यांचा निकाल. साध्या दिव्याचा उजेड दुप्पट केला तर अणू दुप्पट पितात. लेझरचा जोर वाढला की हा हिशेब मोडतो. पुढे हाच निकाल सोसायटीच्या वर्गणीला, जावयाच्या बढतीला आणि काकूंच्या आमटीतल्या मिठालाही लागू होतो.

कसा मोडतो, हे विचारायचं धाडस मी केलं. "पंगत बघ," काका म्हणाले. "एका टोकाने आग्रही वाढपी येतो, दुसऱ्या टोकाने लाजरा. जिलबी एकच. पळणारी पोरं एकाला सापडतात तर दुसऱ्याला हुकतात. पाटावर स्वस्थ बसलेला तेवढा दोघांच्या तावडीत. आग्रह्याने त्याला तट्ट केला, की लाजऱ्याचं ताट भरलेलंच पुढे जातं. तोच आपला अणू!" वाफेतले अणू सेकंदाला शेकडो मीटर धावतात, त्यामुळे रुबिडियमची जेमतेम ६ मेगाहर्ट्‌झची रेषा सुमारे ५०० मेगाहर्ट्‌झपर्यंत फासली जाते, समोरासमोरून सोडलेले दोन झोत त्यातून स्वस्थ अणूंची बारीक रेषा वेगळी काढतात. हे कळेपर्यंत माझा चहा गार झाला होता. काकूंनी न विचारता दुसरा ठेवला.

घरात पुसापुशीला मनाई आहे. कारण १९६१. त्या वर्षी मिशिगनमध्ये फ्रँकेन आणि मंडळींनी ६९४ नॅनोमीटरचा लाल लेझर क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून सोडला आणि त्यातून ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघाला. पुरावा म्हणजे छायाचित्रातला एक चिमुकला ठिपका. छापताना कुणीतरी तो डाग समजून उडवला! केसरीवाड्याच्या पेठेत राहणाऱ्या माणसाला हे कसं सहन व्हावं? तेव्हापासून काकूंनी फडकं उचललं की, "थांब, आधी तो ठिपका काय आहे ते बघू."

"आमटी आहे," काकू म्हणतात.

लेझर अमेरिकेचा, असं कुणी म्हटलं तर काका उठून उभे राहतात. १९६० सालचा पहिला लेझर मायमनचा, हे ते मोठ्या मनाने मान्य करतात. पण १९६४ मध्ये बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेझर करणारे सी. के. एन. पटेल १९३८ साली जन्मले ते बारामतीत, आणि १९५८ मध्ये इंजिनिअर झाले ते आपल्या सीओईपीतून. "इथून चालत जा!" बोट खिडकीबाहेर, आवाज असा की मुंज यांच्याच घरी झाली असावी.

विसर्जनाच्या मिरवणुकीतले लेझर पाहून मात्र ते गॅलरीची दारंच लावून घेत. डोळ्याचं भिंग तो सगळा झोत दृष्टिपटलावर एका ठिपक्यात गोळा करतं, हे ते प्रत्येक मंडळाला सांगून आले होते. पोलिसांनी २०२४ मध्ये बंदी घातली तेव्हा काकांनी जिन्यात पेढे वाटले. प्रत्येकी अर्धा.

भेटायचं असेल तर चारनंतर जा, टेबलाला टेकू नका, आणि अणूंचा विषय काढणार असाल तर जेवून जा.