पाठीशी साहेब

ऑफिसच्या लोकांबरोबर सहलीला जाऊ नये, असं माझ्या बायकोचं मत आहे. सहा दिवस जी तोंडं पाहायची तीच सातव्या दिवशी पाहण्यात कसली आली मौज, हा तिचा सवाल बिनतोड आहे. पण जुलै लागला की पुण्याच्या माणसाचा बिनतोड सवालांवरचा विश्वास उडतो. खिडकीबाहेर पाऊस आणि आत एक्सेलची शीट, अशा अवस्थेत कुणीतरी ‘नाणेघाट’ एवढंच म्हणालं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळं ठरूनही गेलं. पाच गाड्या, नऊ माणसं. एक जागा रिकामी राहिली, आणि ती नेमकी माझ्या मागची.

शनिवारी रात्री साहेबांचा फोन आला. “अरे, मीही येतोय. तुझ्या मागं जागा आहे म्हणे?”

एरवी आमच्या ऑफिसात कुठलीही माहिती साहेबांपर्यंत पोचायला आठवडा लागतो.

तर वर्षभर जो माणूस मानगुटीवर बसतो तो रविवारी पहाटे साडेपाचला डबलसीट बसला. साहेब पाठीशी असावेत, अशी प्रत्येक नोकरदाराची प्रार्थना असते. प्रार्थना करताना शब्द जपून वापरावेत. माझ्या गाडीची मागची सीट पुढं उतरती आहे, त्यामुळं मी ब्रेक लावला की साहेब हळूच घसरत पुढं येत आणि त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटे. टक्. ऑफिसात चूक केल्यावर मेल यायला निदान अर्धा तास तरी जातो. इथं शेरा जागच्या जागी. शेरे टाळायचे म्हणून मी ब्रेक कमी लावू लागलो, तर मग शेवटच्या क्षणी करकचून लावावा लागे आणि शेरा अधिक कडक येई.

चाकणला नेहमीप्रमाणं कोंडी. माझी पल्सर जन्मानं चाकणचीच, त्यामुळं माहेर आलं की तिचा पाय निघत नाही असं मी घरी सांगत असतो. हा विनोद साहेबांनाही ऐकवला. मागून काहीच प्रतिसाद आला नाही. डबलसीटवरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, ही या वाहनाच्या रचनेतली मोठीच उणीव आहे. शेजारून अकाउंट्सच्या मॅडम दोन कंटेनरांच्या मधल्या फटीतून ॲक्टिव्हा काढून दिसेनाशा झाल्या. त्या थेट नारायणगावला सापडल्या, तेही मिसळीची दुसरी वाटी संपवताना.

टोलनाक्यावर दुचाकीला पैसे नसतात. डावीकडच्या चिंचोळ्या वाटेनं निघून जायचं. तरीही साहेबांनी नाक्यावरच्या माणसाला हात केला. परवानगी देण्याची सवय असलेल्या माणसाला ती कुठंतरी द्यावीच लागते.

साहेबांचे हात कुठं आहेत यावरून मला रस्ता कळत होता. मोशीपर्यंत ते मागच्या दांडीवर होते. खेड घाटात माझ्या खांद्यावर आले. जुन्नर सोडलं, चावंडच्या बाजूनं धुकं उतरलं, रस्त्याला खड्डे की खड्ड्यांत रस्ता असा प्रश्न पडू लागला, तसे ते माझ्या जॅकेटच्या दोन्ही खिशांत शिरले. खिशात दशम्या होत्या. दोन्ही बाजूंना खाचरांत भातलावणी चालली होती. वाकलेल्या बायांच्या पाठीवर इरल्याच्या जागी आता निळं-पिवळं प्लॅस्टिक असतं. त्यातल्या एकीनं मान वर करून आमच्या हेल्मेटांच्या वरातीकडं पाहिलं आणि पुन्हा चिखलात हात घातला. पावसात भिजायला लोक पेट्रोल जाळून येतात, याचं तिला आता काही वाटत नसावं.

घाटघरच्या पुढं आल्यावर साहेब पहिल्यांदा बोलले. “माझी राजदूत होती. कॉलेजात असताना इथं आलो होतो. नोकरी लागली, मग विकली.”

मी काय बोलणार? ब्रेक न लावता एक खड्डा चुकवला.

नाणेघाटात कड्याच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक रांजण आहे. कोकणातून माल घेऊन चढणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. खालच्या लेण्यात नागनिका या सातवाहन राणीचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय दोन हजार वर्षांच्या घरात. त्यात राजघराण्यानं केलेले यज्ञ आणि त्यांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांचे आकडे आहेत. मॅडम बराच वेळ त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. “म्हणजे खर्चाचं व्हाउचरच की,” त्या म्हणाल्या. “अजून जागेवर आहे. आपल्याकडं गेल्या मार्चची फाइल सापडत नाही.” मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावं राहिलीत आणि खाली पावलांच्या खुणा. पाट्या आहेत, माणसं नाहीत. साहेबांनी एकेक पाटी नीट पाहिली, जणू केबिन रिकामी आहे का ते बघतायत.

मग तो उलटा धबधबा. पाणी कड्यावरून खाली झेप घेतं आणि मध्येच विचार बदलून वर येतं. अरबी समुद्रावरून निघालेला पावसाळी वारा कोकण ओलांडून या सरळसोट कड्यावर आदळतो. पुढं वाट नसते, म्हणून तो वर उसळतो आणि पडणारं पाणी उचलून ज्याचं त्याच्या तोंडावर मारतो. आमच्याकडं ओघ कायम वरून खाली. काम वरून येतं, रागही वरूनच येतो, आणि तळाला उभा असलेला स्टोअरमधला पोरगा ओलाचिंब होतो. तोच पोरगा तोंड पुसत म्हणाला, “याला एस्कलेशन म्हणतात.”

आम्ही सगळ्यांनी आधी साहेबांकडं पाहिलं. साहेब खो खो हसत होते. मग आम्हीही हसलो.

दशम्या बाहेर काढल्या तेव्हा त्यांचा लगदा झाला होता. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तो बोटांनी खाल्ला. त्यात साहेबांचा वाटा मोठा होता, करण्यातही आणि खाण्यातही.

परत निघताना साहेब गाडीपाशी घुटमळले. “लायसन आहे रे माझ्याकडं. जुन्नरपर्यंत घेऊ का?”

ऑफिसात ते असं काही विचारत नाहीत. मी किल्ली दिली. पहिल्या वळणावर त्यांचा खांदा ताठ होता, तिसऱ्या वळणावर सैल झाला, आणि आपटाळ्याच्या अलीकडं तर ते चक्क शीळ घालू लागले. जुन्नर आलं आणि गेलंही. गाडी थांबवायचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही आठवण केली नाही.

तेवढ्यात समोर म्हैस आली. साहेबांनी ब्रेक लावला, मी घसरत पुढं गेलो आणि माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आपटलं. टक्.

चाकणपर्यंत असं अकरा वेळा झालं. मी मोजत होतो. साहेबही मोजत असावेत.