ऐंशीच्या पुढची थरथर

मोटारीच्या पुढच्या बाजूने आवाज येऊ लागला की मालकाला पहिला शोध लागतो तो हा, की आपल्या ओळखीतल्या प्रत्येकाकडे त्याचं निदान तयार आहे. आमच्या गाडीचं स्टेअरिंग ऐंशीच्या पुढे थरथरू लागलं आणि भरीला खालून एकसुरी घूंऽऽ सुरू झाली, तेव्हा सोसायटीतल्या एका निवृत्त साहेबांनी गाडीत न बसताच ‘सस्पेन्शन’ असा निकाल दिला. मेहुणे म्हणाले, “दाजी, विकून टाका.” सौभाग्यवतींनी रेडिओ मोठा केला. घूं गेली, थरथर राहिली.

दुकानांतही तीच तऱ्हा. टायरवाल्याला चारही टायर संपलेले दिसले. सस्पेन्शनवाल्याने लोअर आर्म, लिंक रॉड, बुश अशी यादीच केली. तिसऱ्याने अलाइनमेंट सांगितली. वास्तविक अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर वेडेवाकडे झिजतात. स्टेअरिंगला कापरं भरणं हे सहसा तिचं काम नव्हे. पण ज्याच्या दुकानात जे मशीन, त्याच्या मते तोच बिघाड.

शेवटी ज्या गॅरेजवाल्याकडे गेलो, त्याने पान्याला हातसुद्धा लावला नाही. नुसते प्रश्न. थरथर हातात लागते की सीटखाली? हातात असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची. ब्रेक दाबल्यावरच येते का? मग डिस्क बघायची. घूं डांबरी रस्त्यावर कमी होते का? होत असेल तर आवाज टायरचा. आणि वळणावर?

“वळणावर मी घाबरलेला असतो,” मी म्हणालो.

“मग न घाबरता ऐकून या.”

आता पुण्यात ऐंशीचा वेग फक्त स्पीडोमीटरवर छापलेला असतो. त्यामुळे टोल भरून पहाटे एक्स्प्रेसवेवर गेलो. तिथे सगळं काँक्रीट, म्हणजे निरोगी गाडीही गुणगुणणार. पण आमची घूं देहूरोडच्या डांबरावर जशी होती तशीच काँक्रीटखालूनही घुमत राहिली, आणि लांब डाव्या वळणावर चढली. थरथर नव्वदला ऐन भरात आली आणि शंभरला येता येता ओसरली. ब्रेकचा तिला काही फरक पडला नाही.

हा जबाब ऐकून गॅरेजवाला हसला. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणजे पुढचं उजवं बेअरिंग गेलं असणार. जॅकवर चाक फिरवून त्याने स्प्रिंगवर माझा हात ठेवला: आत कोणीतरी जात्यावर दळण घातल्यासारखं खरखरत होतं. थरथरीचा मामला वेगळाच निघाला. रिमच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून बसला होता.

“एवढ्याशा मातीने?”

त्याने हिशेब सांगितला. नव्वदच्या वेगाला चाक सेकंदाला तेरा-चौदा गिरक्या घेतं. रिमच्या कडेला २० ग्रॅम जास्त झाले, तर प्रत्येक गिरकीत चाकाला सुमारे अडीच किलोचा हिसका बसतो. म्हणजे मूठभर चिवड्याइतकं वजन आमच्या संसाराला हादरे देत होतं. माती खरवडली, बॅलन्सिंग केलं, बेअरिंग बदललं. बिल टायरवाल्याच्या चार टायरांच्या जवळपासही गेलं नाही.

या विद्येचा समाजाला उपयोग व्हावा म्हणून मी कामाला लागलो. ऑफिसमधले एकजण लिफ्टमध्ये म्हणाले, “गाडीतून कसला तरी आवाज येतोय हो.” मी लगेच विचारलं, “कितीच्या वेगाला? ब्रेक मारल्यावर वाढतो का? डावीकडे वळताना?”

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“माहीत नसेल तर तसं सांगा ना,” ते म्हणाले, आणि मागे उभ्या असलेल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “सस्पेन्शन.” साहेबांचं समाधान झालं.